‘जाऊ दे’ म्हणण्याआधी

नमस्कार. डेन्व्हरमध्ये बर्फ पडायला लागला की आपल्यातली कितीतरी घरं स्कीइंगसाठी शनिवारी पहाटे आय-७० हायवेला लागतात. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीभाजी, मागच्या सीटवर पेंगणारी मुलं. मीही जाते, आणि तुम्हीही जरूर जा. पण वकील म्हणून जे पाहते, ते आज सांगायला हवं.

माझ्याकडे आलेल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. कुठल्या रिसॉर्टवरची, ते सांगणार नाही. सोप्या उतारावर कडेला उभ्या राहून त्या मुलीची वाट बघत होत्या. वरून एक विशीतला मुलगा वेगात आला आणि थेट त्यांच्यावर आदळला. त्याने दोनदा सॉरी म्हटलं, ‘आर यू ओके?’ विचारलं. बर्फात आडव्या पडलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘आय ॲम फाइन.’ तो गेला. पाच मिनिटांनी उठायला गेल्या तर पाय टेकवेना. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. दोन ऑपरेशनं झाली, सहा महिने नोकरीवर जाता आलं नाही. माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, ‘पोरगं घाबरलं होतं हो, म्हटलं जाऊ दे.’

कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होता. कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सेफ्टी ॲक्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की टक्कर टाळायची मुख्य जबाबदारी वरून येणाऱ्याची. खालचा माणूस त्याला दिसत असतो, खालच्याला मात्र पाठीला डोळे नसतात. टक्करीत कुणी जखमी झालं तर आपलं नाव-पत्ता रिसॉर्टच्या माणसाला किंवा स्की पेट्रोलला (उतारांवर मदतीला असणारं पथक) दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मदत आणायला जावं लागलं तर ती मिळवून दिल्यावर द्यायचं. पण त्या मुलाचं नावच नसेल तर दावा लावायचा कुणावर?

आणखी एक गोष्ट वहिनींना ठाऊक नव्हती. अशा दाव्याचे पैसे बहुतेक वेळा त्या पोराच्या खिशातून जात नाहीत. घराचा किंवा भाड्याच्या जागेचा विमा असतो ना, त्यात दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी सहसा धरलेली असते, आणि ती स्कीइंगच्या टक्करीलाही लागू पडते. म्हणजे वहिनींच्या ‘जाऊ दे’मुळे पोराचे पैसे वाचले असं नाही. वाचले असतील तर विमा कंपनीचे.

आता रिसॉर्टचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पास घेताना फोनवर ‘इजा झाली तर दावा लावणार नाही’ अशा अर्थाचा लांबलचक मजकूर येतो, आपण अंगठ्याने सरकवत खाली जातो आणि ‘मान्य’ दाबतो. मग काही झालं की लोक म्हणतात, सही केलीय, आता काय! हे अर्धंच खरं आहे.

मुळात रिसॉर्टला वाचवणारे कायदे आले कुठून? व्हरमाँटमध्ये स्ट्रॅटन इथे एक नवशिका तरुण सोप्या वाटेवर बर्फाखालच्या झुडपात अडकून पडला आणि त्याच्या हातापायांतली शक्ती गेली. त्याला पंधरा लाख डॉलर मिळाले. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. रिसॉर्टचे विम्याचे हप्ते भडकले आणि एकेका राज्याने रिसॉर्टला सांभाळून घेणारे कायदे केले. आपल्याकडच्या कायद्यानुसार हवा, बर्फाची स्थिती, खडक, झाडं हा खेळाचाच धोका, त्याबद्दल रिसॉर्टला कोर्टात खेचता येत नाही. विंटर पार्कमध्ये रिसॉर्टच्या हद्दीतच हिमस्खलनात एक माणूस गेला. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही खेळाचाच धोका ठरवला. मला तो निकाल आजही पटत नाही, पण कायदा तो आहे.

लिफ्टचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांचं, तसं नाही. २०२२ च्या मार्चमध्ये क्रेस्टेड ब्यूट इथे सोळा वर्षांची एक मुलगी खुर्चीवर नीट बसू शकली नाही आणि लोंबकळत वर गेली. लिफ्ट थांबवा म्हणून वडील ओरडत होते. ती थांबली नाही. मुलगी सुमारे तीस फुटांवरून पडली, आणि आज तिचे पाय चालत नाहीत. पास घेताना वडिलांनी सही केली होतीच. २०२४ मध्ये कोलोरॅडोचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की लिफ्टबद्दल कायद्याने आणि नियमांनी रिसॉर्टवर टाकलेली कर्तव्यं अशा सहीने पुसली जात नाहीत. सर्वसाधारण निष्काळजीपणाचा दावा मात्र त्या सहीमुळे टिकला नाही, हेही लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या मुलीला सुमारे एक कोटी चोवीस लाख डॉलर दिले.

म्हणून पडलात, तर झोपल्या जागेवरून ‘फाइन’ म्हणू नका. तो शब्द स्की पेट्रोलच्या अहवालात उतरतो आणि वर्षभराने समोरचा वकील तो वाचून दाखवतो. कुणी पाहिलं असेल त्याचा नंबर घ्या. स्की भाड्याच्या असतील आणि पडताना बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) सुटलं नसेल, तर त्या परत करण्याआधी सेटिंगचा फोटो काढा. (भाड्याच्या फॉर्मवर वजन कमी लिहू नका, जमतं त्यापेक्षा स्वतःला तरबेज म्हणवू नका. बाइंडिंग किती घट्ट ठेवायचं ते त्यावरूनच ठरतं.) दावा लावायला सहसा दोन वर्षं असतात. ओरेगनसारख्या ठिकाणी रिसॉर्टला १८० दिवसांत रजिस्टर्ड पोस्टाने कळवावं लागतं. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका, अशा खटल्यात ती बहुधा मिळालेल्या रकमेतूनच, साधारण एक तृतीयांशाच्या आसपास, घेतात.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, ‘आम्ही व्हिजिटर व्हिसावर आलोय, आम्हाला दावा लावता येतो का?’ येतो, काका. व्हिसाचा त्याच्याशी संबंध नाही. परत पुण्याला गेलात तरी साक्ष व्हिडिओवर देण्याची सोय बहुधा होते. पण भारतातून काढून आणलेली प्रवास विम्याची पॉलिसी आज रात्रीच उघडून बघा. साहसी खेळ वगळल्याचं वाक्य त्यात पुष्कळदा असतं. तसं असेल तर निघण्याआधी ते कव्हर वाढवून घ्या.