लोक माझ्याकडेच मन मोकळं करतात, मग मी समुपदेशक होऊ का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "मॅडम, सगळे माझ्याकडेच रडायला येतात, मी काउन्सेलर होऊ का?" म्हटलं, आज बोलूनच टाकू.

आधीचं पटापट उरकते. मानसशास्त्रात बीए, मग समुपदेशन घेऊन एमए, सोबत प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष सराव. गोळ्या लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो रस्ता वेगळा. आणि दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारे... जाऊ दे, माझं बीपी वाढतं.

आता खरी गोम. एमएच्या मुलांना मी व्हर्बेटिम लिहायला लावते. सेशनमध्ये कोण काय बोललं, शब्दन् शब्द. नाव-गाव बदलायचं, परवानगी घ्यायची. मग मी लाल पेन घेऊन बसते. परवाच्या वहीतला नमुना, तपशील बदलून सांगते. क्लायंट म्हणते, "घरी गेलं की टेन्शन येतं." आमची विद्यार्थिनी लगेच, "टेन्शन घेऊ नका, प्राणायाम करून बघा."

अगं, थांब ना! आपल्या मराठीत टेन्शन म्हणजे गोणी आहे. परीक्षेची धास्ती, नवऱ्यावरची चीड, उधारीची लाज, घरातली घुसमट, सगळं त्यातच कोंबलेलं. तू गोणीचं तोंडही सोडलं नाहीस आणि प्राणायाम देऊन मोकळी? "टेन्शन येतं म्हणजे नेमकं काय होतं?" एवढंच विचार. आणि मग गप्प बस. हे 'गप्प बस' मुलांना सगळ्यात जड जातं.

एका दादांची कमेंट आहे, "सल्ला द्यायचा नाही तर फी कसली घेता?" दादा, सल्ला रिक्षावालाही देतो, मीटर चालू असताना! माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सावर आता, आईकडे बघ." फक्त शेजारच्या मावशींनी विचारलं, "त्या रात्री दवाखान्यात तू एकटीच होतीस ना गं?" मी तासभर बोलत होते. मावशी शंभर टक्के पास. पण दुसऱ्या दिवशी माझं सगळं बोलणं अख्ख्या चाळीत! तर मन मोकळं करून घेणं वेगळं आणि समुपदेशन वेगळं. गुप्तता पाळायची, आणि ती कुठे संपते तेही पहिल्याच भेटीत सांगायचं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं. जिवाला धोका दिसला तर तिथेही "हं, हं" करत बसायचं नाही. टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा.

पुन्हा सल्ल्यावर येते. हो, तिसऱ्यांदा! मुलं म्हणतात, "मॅम, मी सल्ला दिलाच नाही." मनापासून म्हणतात. म्हणूनच व्हर्बेटिम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने तर रेकॉर्ड केलेल्या अख्ख्या केसचं बोलणं 1942 च्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं होतं. आपल्याला जे बोललो असं वाटतं ते एक असतं, कागदावर उतरतं ते दुसरंच. "तुम्ही आईशी बोलून का नाही बघत?" हाही सल्लाच आहे, प्रश्नचिन्ह लावलंय एवढंच. सेशनमध्ये तुमचं तोंड किती चाललं ते मोजा. मी माझं पहिलं व्हर्बेटिम मोजलं होतं. क्लायंट सहा ओळी, मी अडीच पानं.

त्याच विद्यार्थिनीने काल नवी वही आणली. मध्येच लिहिलंय, "शांतता, 11 सेकंद." आणि समासात बारीक अक्षरात, "मॅम, घाम फुटला." त्याखाली क्लायंटचं वाक्य, "टेन्शन नाही हो, मला त्या घराची भीती वाटते."

तिथे लाल पेन चाललं नाही. चला, पुढच्या वेळी सोळा वर्षांच्या क्लायंटला तू म्हणायचं की तुम्ही, त्यावर भांडू.