चार पेन्सिल सेलांचा गेम बॉय

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल १९८९ मध्ये जपानच्या दुकानांत राखाडी रंगाचा एक जाडजूड डबा विकायला आला. किंमत साडेबारा हजार येन. पडदा हिरवट, रंग नाहीतच, फिकट ते गडद अशा फक्त चार छटा. पडद्यामागे दिवाही नव्हता. संध्याकाळी खेळायचं तर बल्बखाली सरकून बसावं लागे. हा निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र.

त्याच वर्षी अटारीने अमेरिकेत लिंक्स आणला. तो रंगीत होता, पडदा आतून उजळणारा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला, तोही तसाच देखणा. गेम बॉय या दोघांनाही पुरून उरला, आणि याचं श्रेय मी सर्वांत आधी देईन ते गुनपेई योकोई यांना.

योकोई १९६५ साली निन्टेन्डोत नोकरीला लागले, तेव्हा ही क्योतोची कंपनी पत्ते बनवत होती. त्यांचं काम कारखान्यातली यंत्रं नीट चालू ठेवण्याचं. फावल्या वेळात त्यांनी लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला. मालक यामाउची यांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये थेट बाजारात आणला. यंत्रं सांभाळणारा माणूस खेळणी घडवू लागला तो असा.

पुढे जपानी कंपन्यांत कॅल्क्युलेटरची चढाओढ लागली आणि त्या पडद्यांचे, चिपांचे भाव खूप उतरले. योकोईंनी तेच स्वस्त भाग घेऊन १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' काढलं: तळहातावर मावणारा खेळ आणि सोबत घड्याळ. जे तंत्र जुनं झालंय, ज्याचे गुणदोष कारागिरांना पाठ आहेत, ते उचलायचं आणि त्याला नवं काम द्यायचं, ही त्यांची पद्धत. पुढे दोन वर्षांनी बोटाने चार दिशा दाबायचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटणही त्यांनीच आणलं.

गेम बॉय घडवताना त्यांच्यासोबत सातोरू ओकादा आणि त्यांची तुकडी होती. रंगीत पडदा बनवणं तेव्हा अशक्य नव्हतं, पण त्याला दिवा लागतो आणि दिवा सेल खातो. लिंक्स आणि गेम गियर सहा-सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवत. गेम बॉय चार सेलांवर सहज पंधरा तास चाले. मुलाच्या हातातल्या यंत्राचा खरा खर्च दर आठवड्याला सेलांच्या रूपाने घरात येतो, हे योकोईंनी ओळखलं होतं. अमेरिकेत लिंक्स जवळपास १८० डॉलरला होता, गेम बॉय ९० डॉलरच्या आत, आणि त्या किमतीत टेट्रिस या खेळाची कॅसेटही मिळे.

टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी लिहिला. हातात धरायच्या यंत्रासाठी त्याचे हक्क मिळवायला गेम प्रकाशक हेंक रॉजर्स १९८९ मध्ये स्वतः मॉस्कोला गेले. या खेळाची आणि या पडद्याची जोडी मला फार विलक्षण वाटते. गेम बॉयच्या पडद्यावर वेगाने सरकणारं चित्र पुसट होई, मागे शेपूट सोडल्यासारखं. पण टेट्रिसचे ठोकळे एकेक घर खाली उतरतात. रंग नसला तरी आकार लगेच ओळखू येतो. यंत्राची उणीव या खेळात जाणवतच नाही. शिवाय आई-वडिलांनीही तो मुलांच्या हातून काढून घ्यावा असा होता.

यंत्राच्या बाजूला एक छोटं भोक होतं, वायरीने दोन गेम बॉय जोडण्यासाठी. त्या वायरीतून किडे या यंत्रातून त्या यंत्रात जाताहेत, असं चित्र सातोशी ताजिरी यांच्या मनात आलं. लहानपणी किडे गोळा करणारे आणि पुढे गेम घडवणारे हे गृहस्थ. त्यातून १९९६ मध्ये काल्पनिक प्राणी पकडण्याचा खेळ पोकेमॉन आला, लाल आणि हिरव्या अशा दोन कॅसेटमध्ये. काही प्राणी एकीतच सापडत, म्हणून सगळे हवे असतील तर मित्राशी अदलाबदल करावीच लागे. सात वर्षं जुन्या यंत्राला त्याने नवं आयुष्य दिलं. १९९८ मध्ये रंगीत गेम बॉय आला, आणि दोन्ही मिळून जगभर जवळपास ११ कोटी ८७ लाख यंत्रं विकली गेली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानांत मिळे तो ब्रिक गेम, '९९९९ इन १' असं मिरवणारा. त्यात पडणारे ठोकळे टेट्रिसचेच, पण पडदा गेम अँड वॉचच्या ठरीव चित्रांसारखा आधीच आखलेल्या चौकोनांचा, म्हणजे नातं गेम बॉयपेक्षा त्या जुन्या गेम अँड वॉचशी जवळचं.

योकोई १९९६ मध्ये निन्टेन्डोतून बाहेर पडले, स्वतःची कंपनी काढली आणि बंदाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीसाठी नवं यंत्र घडवायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ता अपघातात ते गेले. वय ५६. ते यंत्र, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये ४,८०० येनला विकायला आलं. आडवं धरा किंवा उभं, दोन्ही तऱ्हांनी खेळता येई. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांचं नाव दिलं होतं, गनपे. वंडरस्वान जपानबाहेर गेलं नाही आणि निन्टेन्डोच्या रंगीत यंत्रांपुढे मागे पडलं. तरी योकोईंचं सर्वांत नेटकं काम मी त्यालाच म्हणेन, कारण त्याला चार सेल लागत नसत, एकच पुरे.