'कसून' या शब्दाबद्दल

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आयोजकांनी पत्रिकेवर माझ्या भाषणाला 'गुन्हेगारी पत्रकारिता : काल आणि आज' असं भारदस्त नाव छापलंय. कालचं मला थोडंफार ठाऊक आहे. आजचं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, कारण मला अजून आलेला व्हिडिओ धड पुढे पाठवता येत नाही. म्हणून विषय जरा लहान करतो. एका शब्दावर बोलतो. शब्द आहे 'कसून'.

सव्वीस वर्षं मी या शहरात क्राइम बीट सांभाळली. सकाळी मेडिकल नाही तर मेयोच्या शवविच्छेदनगृहासमोर उभं राहायचं, दुपारी ठाणी फिरायची, संध्याकाळी बातमी टाकायची. ते सुटून बरीच वर्षं झाली. तरी लग्नात जेवणाच्या रांगेत कोणी ना कोणी कोपराला धरतंच. "भाऊ, त्या विहिरीच्या केसमध्ये खरं का झालं होतं?" मी म्हणतो, माहीत नाही. तो हसतो. "माहीत आहे तुम्हाले. सांगून नाही राहिले."

तर ती विहिरीची केस. नाव सांगणार नाही, वस्ती सांगणार नाही, दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत. त्या घरची माणसं याच शहरात राहतात.

चाळिशीतला माणूस, वाडीकडे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. रात्री जेवला, "येतो अर्ध्या तासात" म्हणून स्कूटर घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या एका पडीक विहिरीत सापडला. विहिरीला कठडा नव्हता. स्कूटर शंभरेक पावलांवर नीट स्टँडला लावलेली, किल्ली गाडीलाच. डोक्याला मार होता. मार आधी बसला की पडताना बसला, एवढाच खरं तर प्रश्न. सगळी केस या एका प्रश्नात होती आणि आजही तिथंच आहे.

आपल्याकडे विदर्भात ठाण्यात अशा मृत्यूची पहिली नोंद होते तिला 'मर्ग' म्हणतात. पुण्या-मुंबईचे पोलीस 'एडी' म्हणतात, ॲक्सिडेंटल डेथ. मर्ग हा शब्द आपला आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचा सामाईक; एकेकाळी मध्य प्रांताची राजधानी आपलंच नागपूर होतं ना. मर्ग दाखल झाला म्हणजे माणूस गेला आहे आणि कसा गेला ते अजून पाहायचं आहे, एवढंच लिहिलं गेलं. पोलीस ठाण्यातल्या कागदांत इतका प्रामाणिक शब्द मी दुसरा पाहिला नाही.

डॉक्टरांनीही तेच केलं. मृत्यूचं कारण : मत राखून ठेवलं. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, बाटल्यांत भरला, लाखेची मोहर लागली, प्रयोगशाळेत गेला. त्या अहवालाला कोर्टातली माणसं 'सीए रिपोर्ट' म्हणतात, केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट. तो यायला महिने लागतात. बुडून मेला का हे बघायला हाडाच्या मगजात डायटम शोधतात. डायटम म्हणजे पाण्यातलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. जिवंत माणूस पाण्यात श्वास ओढतो तेव्हा ते फुप्फुसातून रक्तात आणि रक्ताबरोबर हाडापर्यंत जातं. मेलेल्याचं रक्त फिरत नाही, म्हणून जात नाही. ऐकायला एकदम चोख वाटतं. पण डायटम सापडले नाहीत म्हणजे माणूस बुडालाच नाही, असं कोणताही शहाणा डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात छातीठोकपणे सांगणार नाही. या केसमध्ये रिपोर्ट असाच अधांतरी आला. मधल्या काळात पोलिसांनी 302 आणि 201 लावलं होतं, खून आणि पुरावा नष्ट करणं.

डॉक्टर थांबले, प्रयोगशाळा थांबली, शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बर्डीच्या पानठेल्यावर आठ दिवसांत चार निकाल लागले. पहिला, प्लॉटचा वाद. मिहानच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या त्या मोठ्या प्रकल्पाच्या, नावानं वर्धा रोडकडचे भाव चढले तेव्हापासून नागपुरात कोणाचा पाय मुरगळला तरी लोकांना प्लॉटचाच संशय येतो. दुसरा, धंद्यातली उधारी. तिसरा, बाईचं लफडं. चौथा सगळ्यांत हळू आवाजात, म्हणून सगळ्यांत लांब गेला : "मले तं वाटते, बायकोचंच काम आहे." आणि त्याला शेपूट ठरलेलं, "सगळ्याइले माहीत आहे हो."

सगळ्यांना माहीत असणं आणि सिद्ध होणं यातलं अंतर खरं तर नागपूरकरांना शिकवावं लागू नये. 13 ऑगस्ट 2004 ला इथल्या जिल्हा न्यायालयात जमावानं अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. भर दुपारी, कोर्टाच्या खोलीत. आणि 2014 साली त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. कायद्याच्या पुस्तकात तो खून कोणी केला याची जागा रिकामीच आहे. उजेडात, शेकडो लोकांसमोर घडलेल्याचं हे असं. रात्रीच्या विहिरीचं आपण काय सांगणार?

आता माझं. मृतदेह सापडला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे नवं काही नव्हतं आणि तीन कॉलम भरायचे होते. ठाण्याबाहेर चहाच्या टपरीवर एक ओळखीचा शिपाई म्हणाला, बायकोला बयानासाठी बोलावलं होतं. बस, एवढंच. मी लिहिलं : 'मृताच्या पत्नीची कसून चौकशी.' खाली 'सूत्रांनुसार', 'परिसरात उलटसुलट चर्चेला उधाण', हा आमचा नेहमीचा मसाला. परिसरात चर्चेला उधाण होतं हे खरं, पण दुसऱ्या दिवशी माझी बातमी वाचूनच ते दुप्पट झालं. एकही वाक्य खोटं नव्हतं. ज्याचा नवरा गेला तिला पोलीस बोलावणारच. शेवटचं जेवण तिनं वाढलं, शेवटचं ती बोलली. तिला नाही विचारायचं तर कोणाला? फक्त 'कसून' माझं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, मथळा लांबीला कमी पडत होता.

तेराव्या दिवशी, तेरवीला, ती आतल्या खोलीत होती. बाहेर बसलेल्या बायका आळीपाळीनं आत डोकावून येत होत्या. मी गेलो होतो, पत्रकार म्हणून नाही, असं स्वतःला सांगून गेलो होतो. एक बाई दुसरीला म्हणाली ते माझ्या कानावर पडलं : "पाहा ना, डोळ्यात टिपूस नाही." मागून कोणी म्हणालं, सकाळी तर किती आरडाओरडा केला, दाखवायला. म्हणजे सकाळी रडली ते नाटक होतं आणि दुपारी रडली नाही हा पुरावा. मग त्या बाईनं करायचं तरी काय?

हे फक्त आपल्या वस्तीतलं नाही. नोएडाचं 2008 सालचं आरुषी-हेमराज प्रकरण आठवा. टीव्हीवरच्या मुलाखतीत आई रडली नाही, यावर देशभर किती तास चर्चा झाल्या. मी स्वतः न्यूजरूममध्ये बसून त्या ऐकल्यात, मान डोलावलीय. पण मला त्या केसमधलं त्याहून जास्त टोचतं ते वेगळं आहे. 16 मेच्या सकाळी मुलीचा मृतदेह सापडला. घरगडी हेमराज घरात नव्हता. झालं. पोलिसांनी त्याला संशयित ठरवलं, बक्षीस जाहीर केलं, शोधायला पथकं निघाली आणि देशानं सुटकेचा श्वास सोडला, कारण नोकरानं केलं ही गोष्ट आपल्याला आधीच पाठ असते. दुसऱ्या दिवशी, 17 मेला, त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह सापडला. गच्चीचं दार कुलूपबंद होतं, ते आदल्या दिवशी कोणी उघडलंच नव्हतं. आपण ज्याला खुनी म्हणून शोधत होतो तो तेवढा वेळ आपल्या डोक्यावरच मरून पडला होता. नेपाळातल्या त्याच्या घरच्यांपर्यंत आधी काय पोचलं असेल, तो खुनी आहे हे की तो मेला हे? मला याचं उत्तर कुठं वाचायला मिळालं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आधी बाप पकडला, मग दुसऱ्यांच्या घरचे नोकर आणि दवाखान्यातला मदतनीस, नार्को टेस्टचे तुकडे वाहिन्यांवर. सीबीआयनं 2010 च्या डिसेंबरात पुरेसा पुरावा नाही म्हणून केस बंद करायचा अहवाल दिला, कोर्टानं त्यावरच खटला चालवला, 2013 साली आईबापांना जन्मठेप, 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका. नंतर सुप्रीम कोर्टात त्या सुटकेविरुद्ध दाद मागायला गेली ती हेमराजची बायको. दोन माणसं मेली, पण आपल्या बोलण्यात मात्र बहुतेक वेळा नुसतं 'आरुषी प्रकरण' येतं. मीही आत्ता सांभाळून दोन्ही नावं घेतली, पूर्वी घेत नव्हतो.

कोणी म्हणेल, लोक बोलले म्हणूनच पोलीस हलतात. हे काही वेळा खरं आहे, मी नाकारत नाही. संविधान चौकात मेणबत्त्या लागल्या नाहीत तर कित्येक मर्ग मर्गच राहतील. गरिबाच्या घरचं मेलं तर पहिल्या दिवशी ठाण्यात धड बसायलाही मिळत नाही. पण 'तपास करा' म्हणणं वेगळं आणि 'हिनंच केलं' म्हणणं वेगळं. दुसऱ्यानं तपासाचंही वाटोळं होतं. ज्यानं त्या रात्री खरंच काही पाहिलेलं असतं तो चर्चा ऐकून गप्प बसतो, किंवा त्याला पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करता येत नाही. आरोपीचा फोटो पेपरात छापून आला की ओळख परेडीचं मोल गेलं. बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये वाहिन्यांना हेच बजावलं, तपास सुरू असताना गुन्ह्याचा प्रसंग उभा करून दाखवू नका, संशयिताला दोषी ठरवू नका. निकाल उत्तम आहे. त्यानंतर काय बदललं हे तुम्ही रात्री नऊ वाजता टीव्ही लावून पाहा.

विहिरीच्या केसमध्ये वर्षभरानं 'ए समरी' झाली. हा शब्दही ऐकून ठेवण्यासारखा आहे. आपल्या महाराष्ट्रात तपास संपला आणि आरोपपत्र नसलं तर पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे समरी पाठवतात. 'बी' म्हणजे तक्रारच दुष्टपणानं खोटी केलेली. 'सी' म्हणजे गैरसमजातून झालेली, ना खरी ना खोटी. आणि 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण शोध लागला नाही. सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच सांगून ठेवलंय की केस अशी बंद करायच्या आधी फिर्यादीला कळवून त्याचं ऐकलं पाहिजे. आणि बंद झाली तरी ती मरत नाही. खुनाला मुदत नसते; नवा पुरावा आला तर वीस वर्षांनीही फाइल उघडता येते. म्हणजे कायद्याकडे 'खरं आहे पण माहीत नाही' असा एक रकाना आहे, त्यावर सही-शिक्का होतो. पानठेल्यावर तो नाही. आमच्या पेपरात तर नव्हताच. 'ए समरी'ची बातमी मी दिली नाही. त्यात बातमी काय, असं वाटलं मला.

सहा-सात वर्षांनी ती मला कोर्टाच्या आवारात भेटली. वारसा दाखल्याच्या कामासाठी आली होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. माझी काही बाजू मांडावी म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं शांतपणे विचारलं, "कसून म्हणजे का असते, भाऊ?"

मी काहीतरी बोललो. बारकाईनं, सविस्तर असं काहीतरी.

ती म्हणाली, "मले त्याइनं चहा पाजला होता. एक मॅडम होती, तिनं पंखा माह्याकडे वळवून देला. अर्धा घंटा बसवलं, अन् म्हणे जा घरी, लेकरं वाट पाहत असतील." मग म्हणाली, पोरगा दहावीत असताना शाळेत कोणीतरी तोच पेपर घेऊन आला होता. कोणाच्या घरी जपून ठेवला होता कोण जाणे.

माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. मागितली. तिनं "हो" म्हटलं, जसं आपण भाजीवाल्याला सुटे नाहीत म्हटल्यावर "हो" म्हणतो तसं.

जाता जाता मी विचारलं, स्कूटरचं काय झालं? कारण मला ती आठवत होती, स्टँडला नीट लावलेली. ती मुद्देमालात जमा होती, ठाण्याच्या मागच्या भिंतीला, इतर गंजलेल्या गाड्यांत. समरी झाल्यावर हवालदार दोनदा सांगून गेला होता, अर्ज करा, सुपूर्दनाम्यावर सोडवून घेऊन जा, भंगाराचे तरी पैसे येतील. तिनं अर्ज केला नाही. ती कामावर जाते ती बस त्या ठाण्यावरूनच जाते, आणि फाटक उघडं असलं की खिडकीतून गाडी दिसते.

"राहू द्या म्हटलं तिथंच," ती म्हणाली. "गाडी आहे तोवर केस आहे."