एमसीबी पाडण्याआधी दोन मिनिटं थांबा

(टेबलावर एस-7 300 चा सीपीयू आणि लॅपटॉप)

नमस्कार मंडळी. लाइन बंद पडली. पॅनल उघडलं तर पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, सीपीयूवर लाल एसएफ (बिघाडाचा दिवा) आणि पिवळा स्टॉप. मग आपण काय करतो? एमसीबी पाडतो, दहापर्यंत मोजतो, परत उचलतो. लाइन चालू, सुपरवायझर खूश, आपला चहा. मीही कितीतरी वर्षं हेच केलंय. त्या दहा सेकंदांत आपण काय पुसून टाकतो, ते आज दाखवतो.

बाटल्या भरायचं एक मशीन होतं. आठवड्यातून एकदा-दोनदा सीपीयू स्टॉपला जायचा. एमसीबी पाडला की चालू. कधी दिवसा, कधी रात्री, काही ताळमेळच नाही. कोणी म्हणालं अर्थिंग, कोणी म्हणालं व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, नॉइज. केबलसुद्धा बदलून झाली. प्रोग्राम कोणाचा होता? माझाच! त्यामुळे प्रोग्राममध्ये चूक असेल, हे मला सगळ्यात शेवटी सुचलं.

त्याआधी मी आणखी एक उद्योग केला. कोणीतरी सांगितलं, प्रोग्राममध्ये ओबी 121 नावाचा रिकामा ब्लॉक टाक, सीपीयू थांबणार नाही. खरंच थांबेना. एसएफ पेटायचा, पण मशीन चालू. मात्र अधूनमधून बाटल्या अर्ध्याच भरून यायला लागल्या. क्वालिटीवाल्यांनी मला जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही.

ओबी 121 म्हणजे काय, ते थोडक्यात. प्रोग्राम चालता चालता चुकला, म्हणजे नसलेल्या ब्लॉकला बोलावलं किंवा डीबीच्या (डेटा ठेवायच्या ब्लॉकच्या) बाहेरचा पत्ता वाचला, की सीपीयू हा ब्लॉक शोधतो. सापडला नाही तर स्टॉप. सापडला, पण आत काहीच लिहिलेलं नाही, तर सीपीयू तसाच पुढे जातो. त्या ओळीला जी किंमत वाचायची होती ती वाचलीच गेलेली नसते, आणि पुढचं गणित त्याच कचऱ्यावर होतं.

शेवटी तो ओबी मी काढून टाकला आणि ऑपरेटरला सांगून ठेवलं, पुढच्या वेळी कशालाही हात लावू नका, आधी मला फोन करा.

(लॅपटॉपची स्क्रीन)

प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएलसी मेन्यू, डायग्नोस्टिक, मॉड्यूल इन्फर्मेशन, डायग्नोस्टिक बफर. ही सीपीयूने स्वतः ठेवलेली घटनांची नोंदवही. सगळ्यात वर ताजी नोंद असते आणि बहुतेक जण तेवढीच वाचतात. माझ्याकडे होता कोड 16#4562, म्हणजे प्रोग्रामच्या चुकीमुळे स्टॉप, संबंधित ओबी लोड केलेला नाही. यातून काय कळलं? काहीच नाही. तो थांबलाय हे मला दिसतच होतं. खरी नोंद तिच्या खाली होती: 16#2522, एरिया लेन्थ एरर व्हेन रीडिंग, म्हणजे वाचताना डीबीची हद्द ओलांडली. सोबत एफसीचा (प्रोग्रामच्या त्या फंक्शनचा) नंबर आणि आतला पत्ता. ओपन ब्लॉक दाबलं की थेट त्या ओळीवर.

ओळ होती डीबीमधून रेसिपी, म्हणजे भरायची वेळ वगैरे सेटिंग, वाचायची. दहा रेसिपी, प्रत्येकी 20 बाइट, डीबी बरोबर 200 बाइटचा. पत्ता 0 ते 199.

आता शेजारचा स्टॅक्स टॅब. हा बघायला सीपीयू स्टॉपमध्येच असावा लागतो. त्यातला आयस्टॅक उघडला की चूक झाली त्या क्षणी अॅक्युम्युलेटरमध्ये (जिथे गणित चालतं) आणि अॅड्रेस रजिस्टरमध्ये (जिथे वाचायचा पत्ता असतो) काय होतं ते दिसतं. एआर 1 मध्ये, म्हणजे पहिल्या अॅड्रेस रजिस्टरमध्ये, होतं 200.0, म्हणजे बाइट 200. म्हणजे माझा प्रोग्राम अकरावी रेसिपी मागत होता! एमसीबी पाडला असता तर बफरमधली नोंद राहिली असती, पण हा आकडा गेला असता. आणि सगळी गोम त्या आकड्यातच होती.

अकरावी कुठून आली? ऑपरेटरच्या हातात ग्लोव्ह्ज. टच स्क्रीनवर 1 दाबायला जायचा, दोनदा लागायचं, की 11. कधी 2 चे 22. लोडचं बटण दाबलं की सीपीयू स्टॉप. पत्ता प्रोग्राम चालतानाच काढला जात होता, म्हणून कंपाइल करताना कसलीच कुरकुर नव्हती.

खरं तर तो थांबला हे माझं नशीब. रेसिपींच्या खाली मी त्याच डीबीत शिफ्टचे काउंटर ठेवले असते, तर पत्ता 200 डीबीच्या आतच आला असता. ना एरर, ना एसएफ. बाटल्यांचा काउंट भरायची वेळ म्हणून वाचला गेला असता, आणि मी आजही केबल बदलत बसलो असतो.

दुरुस्ती साधीच. एचएमआयवर, म्हणजे त्या टच स्क्रीनवर, मर्यादा 1 ते 10. आणि पीएलसीतही पत्ता काढायच्या आधी तीच तपासणी. नंबर बाहेरचा असेल तर वाचायचंच नाही, अलार्म द्यायचा. दोन्हीकडे का? उद्या कोणी स्काडा (कंट्रोल रूममधलं देखरेखीचं सॉफ्टवेअर) जोडला तर नंबर तिथून येईल, एचएमआयला कळणारही नाही.

तुमच्याकडे नवे सीपीयू असतील तर एवढं लक्षात ठेवा. एस-7 1500 ला ओबी 121 नसेल तर तो स्टॉपला जातो. एस-7 1200 मात्र असल्या चुकीवर रनमध्येच राहतो, फक्त बफरमध्ये नोंद करतो. त्याच्या बफरमध्ये 50 नोंदी मावतात आणि पॉवर गेली की शेवटच्या 10 उरतात, म्हणजे तिथे तर एमसीबी पाडणं आणखी महागात. अॅलन-ब्रॅडली या दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोललॉजिक्स पीएलसीवर हाच आजार मेजर फॉल्ट टाइप 4, कोड 20 या नावाने भेटतो.

आणि हो, घड्याळ. बफरमधल्या नोंदीची वेळ ऑपरेटरच्या लॉगबुकशी जुळवता आली तरच उपयोग. उद्या कामावर गेलात की एस-7 300 चं घड्याळ बघा. कोणी कधी लावलंच नसेल तर ते 1 जानेवारी 1994 पासून मोजत असतं. तुमच्याकडे किती साल निघालं, कमेंटमध्ये लिहा.