धागा कोणत्या दिशेनं?

(दृश्य: काळा धागा, अगदी जवळून. मागे यंत्राची बारीक घरघर.)

हा काळा धागा नीट बघा. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दिसायला एक असला तरी याच्या पोटात कार्बनचे हजारभर तंतू शेजारी शेजारी बसलेत. एकेक तंतू साधारण 7 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. नायलॉननं त्यांना एकत्र धरून ठेवलंय. हा धागा दोन्ही हातांनी ओढा, बोटं कापतील पण तो तुटणार नाही. आता हाच धागा नखावर दुमडा.

(धागा मोडण्याचा आवाज.)

एवढ्यात मोडला. हा आवाज लक्षात ठेवा.

(दृश्य: टूलरूम. धातू कोरणारं व्हीएमसी यंत्र, सरफेस ग्राइंडर, कोपऱ्यातल्या टेबलावर प्रिंटर.)

भोसरी एमआयडीसीतली ही टूलरूम. पहिली पाळी सुरू झालीय. इथं डाय दुरुस्त होतात, फिक्स्चर बनतात, गेज तपासले जातात. टेबलावरच्या त्या थ्रीडी प्रिंटरमध्ये, म्हणजे थरावर थर घालत वस्तू छापणाऱ्या यंत्रात, आज ग्रिपरचं बोट तयार होतंय. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणाऱ्या आणि काढणाऱ्या रोबोच्या पकडीचं, म्हणजे ग्रिपरचं, हे बोट. रोबोनं किती किलो उचलायचं हे ठरलेलं असतं आणि ग्रिपरचं वजनही त्यातच मोजलं जातं. बोट जड झालं, तर जॉब तेवढा हलका घ्यावा लागतो. आजवर हे बोट ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढायचे. ठोकळ्याचा मोठा भाग चिप्स होऊन ट्रेमध्ये पडायचा आणि त्या एका बोटासाठी व्हीएमसी अडकून राहायचं.

(दृश्य: प्रिंटरचं डोकं, दोन नोझल.)

डोक्याला दोन नोझल आहेत. पहिलं नायलॉन सोडतं. त्या नायलॉनमध्ये कार्बनचे अगदी बारीक तुकडे मिसळलेले असतात, म्हणून ते असं काळं, मॅट दिसतं. हे तुकडे पितळेचं नोझल घासून खातात, त्यामुळे इथं कडक धातूचं नोझल लागतं. या नोझलनं आधी बाहेरची भिंत घातली. आता दुसऱ्या नोझलची पाळी. आपला तो सलग धागा इथून खाली येतोय. गरम नोझल त्याला खालच्या थरावर दाबत, इस्त्री फिरवावी तसं पुढे सरकतंय. वळणावर त्याचा वेग कसा कमी होतो, पाहा. आता ऐका.

(टक्.)

ही कात्री. धागा वरच्या बाजूला कापला जातो आणि उरलेलं शेपूट नोझल शेवटच्या टोकापर्यंत नेऊन ठेवतं. धाग्याची एकेक वाट संपत आली की हा टक् आवाज येतो. हे दृश्य आम्ही पुन्हा पुन्हा घेतलं, कारण धागा आपल्या जागी बसताना बघणं म्हणजे हे सगळं तंत्र समोर उलगडताना बघणं आहे.

नायलॉनचं रीळ मात्र बंद डब्यातच ठेवावं लागतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी पितं, मग नोझलमधून फटफट आवाज येतो आणि भिंतीला बुडबुडे धरतात.

(दृश्य: शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख. हाताने अंथरलेलं कार्बनचं कापड.)

कार्बन फायबरची वस्तू म्हटलं की आजही बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं. कापड बेतायचं, साच्यात एकावर एक अंथरायचं, पिशवीतली हवा काढायची आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली भाजायचं. ग्रेग मार्क हा अमेरिकन अभियंता शर्यतीच्या गाड्यांसाठी असेच पंख बनवायचा. जानेवारी 2014 मध्ये सॅन डिएगोच्या एका संमेलनात त्याच्या मार्कफोर्ज्ड कंपनीनं टेबलावर मावणारा आणि सलग कार्बन धागा घालणारा प्रिंटर लोकांपुढे ठेवला. ऑटोक्लेव्हमधल्या वस्तूइतका घट्टपणा त्यात येत नाही, थरांमध्ये हवेच्या पोकळ्या जास्त राहतात. पण ग्रिपरच्या बोटाला विमानाच्या पंखाइतका घट्टपणा लागतही नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा. शेजारी टूलरूममधले काका आणि डिप्लोमा करून आलेली मुलगी.)

आता या चित्रणातला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. पडद्यावर बोटाचा आराखडा आहे. मुलीनं पहिल्यांदा ते उभं छापलं होतं. तो तुकडा हा बघा, कोपऱ्यात सरळ थरावर सुटलाय. थर थरावर बसतो तो निव्वळ प्लास्टिकच्या चिकटीवर, कारण धागा एका थरातून दुसऱ्यात जात नाही. लाकडाचा ओंडका जसा रेषेवर चिरतो, तसंच हे झालं.

"काका, ओढ कुठं येते?"

काका पडद्याकडे बघत नाहीत. जुनं ॲल्युमिनियमचं बोट हातात घेतात आणि आतल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवतात.

"जॉब दाबला की बोट बाहेर फेकतं. मग इथं आतून फाटतं. आडवं झोपव त्याला, आणि धागा कडेनं फिरव."

"कोपऱ्यातून वळवू?"

"कोपरा ठेवूच नकोस. रेडियस दे. एवढ्या काटकोनात कुणी वळतं का?"

तो मोडलेला धागा आठवला ना? काकांनी कार्बन फायबर याआधी हाताळलेलं नाही. पण या टूलरूममध्ये इतकी वर्षं काय तुटलं आणि कुठून तुटलं, हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक आहे. सॉफ्टवेअर धागा हवा तसा अंथरून देतं, पण तो कुठून जायला हवा हे यंत्र चालवणाऱ्यानं सांगावं लागतं. म्हणून आमचं कारखानदारांना कळकळीचं सांगणं आहे, नवं यंत्र घेतलंत तर आधी त्या पडद्यासमोर तुमच्या जुन्या सेटरला, म्हणजे यंत्र जुळवणाऱ्या कारागिराला, खुर्ची द्या.

(दृश्य: ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा, टेनेसी, अमेरिका. खोलीएवढा प्रिंटर.)

हेच काम मोठ्या मापात बघायचं तर इथं. या यंत्रात रीळ नसतं. एबीएस प्लास्टिकचे, कार्बनचे तुकडे मिसळलेले दाणे गोणीतून येतात, स्क्रू त्यांना वितळवून पुढे ढकलतो आणि जाडसर वळी बाहेर पडते. कार्बन नसता, तर एवढी मोठी वस्तू थंड होताना आकसून वाकली असती. तो ताकद तर देतोच, पण वस्तूला आकारातही धरून ठेवतो. आणि दिशेचा नियम इथंही सुटत नाही, तुकडे बहुतांशी वळीच्या लांबीतच झोपतात. सप्टेंबर 2014 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर 44 तासांत स्ट्राटी गाडीचा सांगाडा असाच छापला गेला. ती गाडी काढणारी लोकल मोटर्स 2022 मध्ये बंद पडली.

2016 मध्ये ओक रिजमध्येच बोइंग 777एक्स विमानाचा पंख कापताना आणि त्याला भोकं पाडताना लागणारं हे टूल छापलं गेलं. लांबी 17.5 फूट, रुंदी 5.5 फूट, वजन सुमारे 750 किलो. छपाईला 30 तास लागले. धातूचं टूल करायचं तर तीन महिने गेले असते. त्या वर्षी गिनीजनं छापलेली सर्वांत मोठी सलग घन वस्तू म्हणून त्याची नोंद घेतली.

(दृश्य: पुन्हा भोसरी. पॉलिश पेपर, मास्क.)

अशा वस्तूची कड घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क हवाच. आणि मोडलेलं बोट ॲल्युमिनियमसारखं सहज वितळवून परत वापरता येत नाही.

(दृश्य: प्रिंटरचं झाकण उघडतं.)

रात्रभराच्या छपाईनंतर बोट आडवंच पडलंय. मुलगी पातं घालून ते प्रिंटरच्या तळपाटावरून सोडवते. काका ते तळहातावर तोलतात, मग अंगठा आतल्या कोपऱ्यावर नेतात. तिथं आता कोपरा नाही, गोलाई आहे. ते जोर लावतात. पुन्हा लावतात.

"बसव."

(दृश्य: रोबोचा हात. लेथचं दार उघडतं. नवं काळं बोट जॉब उचलतं. निवेदन नाही, फक्त यंत्रांचा आवाज.)