मीठ, कापड आणि फ्रेलिमो

मंडळी, मोझांबिकचं नाव काढलं की गोव्याशी नातं असलेल्यांचे कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. १९६१च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्य संघटना कासाब्लांकात जमल्या, तेव्हा अंगोला, गिनी आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर गोवेकरही बसले होते. त्या डिसेंबरात गोवा सुटला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्यानं त्याचा राग मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. त्यांना पकडलं, छावण्यांत डांबलं, पुढे देशाबाहेर घालवलं. खुद्द मोझांबिकला मात्र सुटायला १९७५ उजाडलं.

त्या लढ्याची संघटना फ्रेलिमो, दार-ए-सलाममध्ये २५ जून १९६२ रोजी जन्मली. जन्मली म्हणण्यापेक्षा बांधली, असं म्हणू. मोट होती तीन संघटनांची. उदेनामो ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) कामाला गेलेल्यांची, मानू टांगानिकात (आजच्या टांझानियात) राबणाऱ्या, मूळच्या उत्तर मोझांबिकच्या माकोंदे लोकांची, उनामी मलावीत आसरा घेतलेल्यांची. तिघींचाही जन्म देशाबाहेरचा. कारण देशात तोंड उघडलं की काय होतं, ते उत्तरेतल्या म्वेदाला १६ जून १९६० रोजी दिसलं होतं. गव्हर्नरसमोर गाऱ्हाणं घेऊन जमलेल्या माकोंदे लोकांवर गोळीबार झाला. फ्रेलिमो ६०० मेले म्हणत आली. नंतरच्या अभ्यासकांना आकडा बराच कमी वाटतो. पण म्वेदाच्या पठारावर पुढे बंदुकीला माणसं कमी पडली नाहीत, हे खरं.

अध्यक्ष झाले एदुआर्दो मोंडलाने. दक्षिणेतल्या गाझाचे, अमेरिकेत पीएचडी केलेले, संयुक्त राष्ट्रांत नोकरी केलेले, सिराक्यूज विद्यापीठात शिकवणारे. बायको जॅनेट, गोरी अमेरिकन. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, त्याचं भांडवल होणार आहे.

निवडून आल्यावर मोंडलाने नोकरी आवरायला काही महिने अमेरिकेला गेले. इकडे प्रसिद्धीचं खातं होतं लिओ मिलास नावाच्या हुशार, बोलघेवड्या माणसाकडे. त्यानं आणि इतरांनी एकमेकांना खाली खेचायचा सपाटा लावला. सरचिटणीस माबुंडा आणि त्याच्या साथीदारांची हकालपट्टी झाली, उदेनामोचा जुना पुढारी ग्वाम्बे आधीच वेगळी चूल मांडायच्या तयारीत होता. बाहेर पडलेल्यांतल्या काहींनी १९६५ साली लुसाकात कोरेमो ही विरोधी संघटना काढली. गंमत पुढे आहे. १९६४ साली उघड झालं, की हा मिलास मोझांबिकचा नाहीच! तो लिओ क्लिंटन ऑल्ड्रिज नावाचा अमेरिकन निग्रो होता. म्हणजे खरे मोझांबिकी संघटनेबाहेर गेले आणि बनावट मोझांबिकी आत खुर्चीवर राहिला. परागंदा राजकारणात माणसाची ओळख तपासायची सोय नसते. गाव विचारावं तर गाव सीमेपलीकडे.

२५ सप्टेंबर १९६४ रोजी उत्तरेतल्या काबो देल्गादो प्रांतात शाई इथं पहिली गोळी सुटली. आता खरा प्रश्न आला. लढणारे बहुतेक उत्तरेचे, त्यांत माकोंदे भरपूर. नेते मोंडलाने, माशेल, शिसानो दक्षिणेचे. मरायचं आम्ही आणि भाषणं तुम्ही करायची, ही कुरबुर खोटी नव्हती. पण 'आफ्रिकेतल्या टोळ्यांचं भांडण' म्हणून जे हात झटकतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. भांडणाचं मूळ मला दुकानात दिसतं.

उत्तरेतून पोर्तुगीज हटले तसे त्या भागातले व्यापारीही गेले. मग मीठ, कापड, साबण कोण आणणार? शेतकऱ्याचा माल सीमेपलीकडे नेऊन कोण विकणार? हे काम आलं फ्रेलिमोचा काबो देल्गादोतला प्रमुख लाझारो न्काव्हंदामे आणि त्याच्या हाताखालच्या 'चेअरमन' म्हणवणाऱ्या स्थानिक पुढाऱ्यांकडे. न्काव्हंदामे ऐरागैरा नव्हता. पन्नाशीच्या दशकातच त्यानं माकोंदे शेतकऱ्यांची कापसाची सहकारी संस्था उभी केली होती. पण तक्रारी येऊ लागल्या, की चेअरमन शेतकऱ्याला नाडतात आणि नफा खिशात घालतात. फ्रेलिमोच्या सैन्याचा प्रमुख सामोरा माशेल, त्याच्या तरुण सैनिकांना वाटे, गोरा दुकानदार जाऊन काळा दुकानदार बसवायला आपण जंगलात आलो का? न्काव्हंदामेला वाटे, माझ्या मुलखात मला हिशोब विचारणारे हे दक्षिणेचे पोरगे कोण?

१९६८ साली सगळं एकदम उतू गेलं. दार-ए-सलाममध्ये जॅनेट मोंडलाने चालवत असलेल्या मोझांबिक इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी बिघडले. शिकून परदेशी जायचं की आधी आघाडीवर, हा वाद. मातेउस ग्वेंजेरे या पाद्र्यानं त्यांना फूस दिली, गोरे शिक्षक डोळ्यांत खुपू लागले. शाळा बंद पडली. मे महिन्यात फ्रेलिमोच्या कार्यालयावर हल्ला झाला, त्यात मातेउस मुथेंबा हा कार्यकर्ता गेला. शत्रू गोरी कातडी की वसाहतीची व्यवस्था, हा सैद्धांतिक वाटणारा प्रश्न असा सुऱ्या घेऊन दारात आला. जुलैत नियासातल्या माशेड्जेला दुसरं अधिवेशन भरलं. मोंडलाने पुन्हा निवडून आले. न्काव्हंदामे फिरकलाच नाही. डिसेंबरात टांझानियाच्या सीमेवरच्या रुवुमा नदीपाशी पाउलो कांखोंबा हा सेनाधिकारी मारला गेला, बोट न्काव्हंदामेच्या माणसांकडे दाखवलं गेलं आणि जानेवारीत त्याचं पद काढून घेतलं.

३ फेब्रुवारी १९६९ रोजी मोंडलानेंनी टपालानं आलेलं एक पुस्तक उघडलं. आत बॉम्ब होता.

उपाध्यक्ष उरिया सिमांगो अध्यक्ष व्हायला हवे होते. हे मध्य मोझांबिकातल्या बैरा शहराकडचे पाद्री. कार्यकारिणीनं त्यांच्या दोन्ही बाजूंना माशेल आणि कवी मार्सेलिनो दोस सांतोस बसवून त्रिकूट केलं. नोव्हेंबरात सिमांगोंनी पत्रक काढून सहकाऱ्यांवर दक्षिणी कंपूबाजीचे आणि खुनांचे आरोप केले. त्यांना काढलं, आणि १९७० साली माशेल अध्यक्ष झाले. न्काव्हंदामे तोवर पोर्तुगिजांना जाऊन मिळाला होता.

फ्रेलिमो पुढे हे सगळं 'दोन मार्गांचा संघर्ष' म्हणून शिकवत राहिली: एक क्रांतीचा, एक गद्दारीचा. जिंकलेल्यानं लिहिलेली बखर आहे ती. न्काव्हंदामेबद्दल ती बरीचशी पटते. सिमांगोंबद्दल मला पटत नाही. १९७५ साली टांझानियातल्या नाशिंग्वेयाच्या फ्रेलिमो तळावर त्यांच्याकडून जाहीर कबुलीजबाब वाचून घेतला, आणि नंतर कुठलाही खटला न चालवता सिमांगो, ग्वेंजेरे, न्काव्हंदामे यांना गुपचूप मारलं. ३ फेब्रुवारी हा मोझांबिकमध्ये वीरांचा दिवस असतो, त्या दिवशी मापुतोत मोंडलानेंच्या समाधीवर फुलं वाहतात. सिमांगोंच्या मुलांना वडिलांची कबर कुठे आहे, हे सरकारनं सांगितलं नाही.