कचरा मेल: खोडू नका, कळवा

(इंदूरच्या रामबागेत ज्येष्ठ मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ओला-सुका कचरा वेगळा करायला इंदूरकरांना कुणी शिकवायला नको. पण मेलबॉक्स उघडला की आपण सगळं एकाच डब्यात टाकतो. नको असलेला मेल दिसला, की डिलीट! त्याने तो तुमच्या नजरेसमोरून जातो, एवढंच. मेलसेवा चालवणाऱ्याला काही कळत नाही आणि उद्या तोच पाठवणारा पुन्हा दारात उभा.

दुखणं तसं जुनं. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीचे गॅरी थर्क यांनी अर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदमच जाहिरात धाडली. लोक भडकले; पण थर्क सांगत, विक्रीही झाली. आता असा फायदा दिसल्यावर कोण थांबणार?

म्हणून ते ‘रिपोर्ट स्पॅम’चं बटण दाबा; स्पॅम म्हणजे हाच कचरा मेल. एकट्याच्या तक्रारीने काय होतंय, असं वाटेल. तर ऐका. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून अट घातली आहे, की तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये. म्हणजे हजारात तीन! तिथवर गेलं, की त्याचे मेल स्पॅममध्ये पडू लागतात किंवा परत फिरतात.

मात्र ज्या दुकानाला बिलाच्या वेळी आपणच पत्ता दिला, त्याच्या जाहिरातीवर आधी ‘अनसबस्क्राइब’ करावं, म्हणजे त्यांच्या यादीतून नाव काढायला सांगावं. ते न्याय्य. अनोळखी मेलमधल्या त्याच लिंकला मात्र हात लावू नका. हा पत्ता चालू आहे, ही खबर आपणच चोराला देऊन बसतो.

आता खरी डोकेदुखी. जुलैत रिटर्न भरायची धांदल असते, तेव्हा मेल येतो: ‘आपला रिफंड मंजूर, खात्याची खात्री करा.’ वर नाव ‘आयकर विभाग’. ते नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो, काहीही टाकू शकतो. नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता बघा आणि तो शेवटाकडून वाचा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल, तर मध्ये ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द कितीही वेळा असो, मेल खोटा. आणि पत्ता बरोबर दिसला म्हणून लगेच विसंबू नका, तोही बनावट घालता येतो. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या तीन तपासण्यांपुढे ‘पास’ की ‘फेल’ ते लिहिलेलं असतं. पण ‘पास’चा अर्थ एवढाच, की मेल त्या डोमेनवरूनच, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरूनच आला. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेतलं असेल, तर त्यालाही ‘पास’ मिळतो! आमचे तरुण इंजिनिअरसुद्धा इथे फसतात.

असा मेल त्याच तीन ठिपक्यांतल्या ‘रिपोर्ट फिशिंग’ने कळवा; फिशिंग म्हणजे खोट्या नावाने माहिती काढून घेणं. सरकारी बाजूने ‘सर्ट-इन’ ही सायबर सुरक्षेची संस्था आहे; तिला ‘इन्सिडेंट अ‍ॅट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’वर मेल करता येतो. नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, गळून पडतो, म्हणून तो मेल अ‍ॅटॅचमेंट म्हणून जोडा. पैसे गेले असतील, तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा, मग बाकीचं. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थांबवायची असते, तिथे एकेक मिनिट मोलाचं. मागाहून ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर रीतसर तक्रार. आणि तो मेल तेवढा जपून ठेवा, पुरावा आहे तो.

मागून एक काकू विचारताहेत, “आणि चांगला मेलच स्पॅममध्ये गेला तर?” जातो, हमखास जातो. आठवड्यातून एकदा तो फोल्डर चाळा, चांगला मेल दिसला की ‘नॉट स्पॅम’ दाबा. जीमेल तीस दिवसांनी तिथलं सगळं पुसून टाकतं. चला, आताच मोबाइल काढा. काकू, तुमच्यापासून सुरुवात करू.